आत्याबाई, तुम्ही जेवला नव्हतात

आत्याबाई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एका घरात, एका चुलीपुढं आपण दोघींनी वीसेक वर्षं काढली, पण आपलं बोलणं म्हणजे ‘पीठ मळलं का’ आणि ‘शेळी बांधली का’, एवढंच. आज लिहायला बसले, कारण परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. सकाळी तुमच्या लेकानं मला विचारलं, आईला काय आवडायचं गं, पानावर काय ठेवायचं?

मी म्हटलं, आई तुमची, तुम्हीच सांगा. ते डोकं खाजवत बसले. चाळिशी ओलांडलेला माणूस, जन्मभर तुमच्या हातचं खाल्लं, आणि तुम्हाला काय आवडतं हे त्याला सांगता येईना! मला त्यांचा राग आला. भाकऱ्या थापता थापता तो राग उतरला तेव्हा ध्यानात आलं, खरा राग त्यांचा नाहीच. तो तुमचा आहे. म्हणून हे पत्र. गोड बोलायला बसलेले नाही, आधीच सांगून ठेवते.

दहाव्यालाही हाच घोळ झाला होता. ओढ्याकाठी पिंड मांडला. भात, दही, पुरणपोळी, कपात चहा. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. तुमच्या लेकानं हात जोडून एकेक कबूल केलं. बहिणीला दिवाळीला आणीन, शेळ्या विकणार नाही, आमच्या सोनालीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी तुमच्या कापूस वेचणीतल्या जोडीदारीण जनाबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “आरं, तिची मशेरीची डबी ठिवा तितं.”

डबी ठेवली. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, डबीकडं ढुंकूनही न बघता भातात चोच मारून गेला. झालं! सगळ्या बायांनी डोळ्याला पदर लावला. बघा, म्हातारीचा जीव मशेरीत अडकला होता म्हणे.

तुम्ही साधं पासष्टीलाही पोचला नव्हता, तरी सगळ्यांच्या तोंडी म्हातारी. आणि जीव अडकला कशात, तर तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूत! घरातल्या, गावातल्या एवढ्या माणसांना तुमच्या आवडीची एकच गोष्ट ठाऊक होती, आणि तीही खायची नव्हती.

मग प्रवचन झालं, आणि प्रवचनानंतर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं पुढाऱ्यांची श्रद्धांजली. एकानं माइक तोंडाशी धरून सांगितलं, या माउलीनं स्वतः उपाशी राहून घर उभं केलं, पण कधी तक्रार केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. उपाशी का राहिली, हे कुणी विचारलं नाही. उपाशी राहिली म्हणून गेली, हेही कुणी बोललं नाही. वय झालं, असंच म्हणाले सगळे. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, सून रडतेय. मी रडत नव्हते. माझे दात एकमेकांवर घासत होते.

पिंड पाण्यात सोडला. डबी मात्र सोनालीनं उचलली, आजीची आठवण म्हणून. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. पोरीला तुमचा लळा, मी नेऊ दिली. त्या डबीकडं मला पुढं यायचंच आहे.

आधी तुमच्या भाकरीच्या टोपल्याकडं येऊ द्या. ते तुम्ही मरेपर्यंत माझ्या हाती दिलं नाही. वाटप तुमचंच. आधी गडीमाणूस, मग पोरं, मग दारात आलेला, मग मी, आणि मग तुम्ही. दारातला कुत्रासुद्धा तुमच्या आधी असायचा. तुमचा लेक तीन भाकऱ्या हाणायचा, ढेकर द्यायचा आणि विचारायचा, “आई, तू जेवलीस का?” तुमचं उत्तर कानावर पडायच्या आत तो हात धुवायला उठलेला असायचा. आणि तुमचं उत्तर ठरलेलं. “जेवले मी मगाशी.”

कधी मगाशी? चुलीपुढं मी होते ना! टोपल्यात उरलेला करपलेला पापुद्रा तुम्ही मिठाबरोबर चघळायचात, कधी तोही नसायचा. मग कमरेची डबी निघायची. चिमूटभर मशेरी दाताला लावायची, ओसरीच्या कडेला बसून थुंकायचं, वर तांब्याभर पाणी प्यायचं. म्हणायचात, आता पोटातली आग बसली.

तुम्ही हे कुठं शिकलात, तेही मला माहीत आहे. आपला शेवगावकडचा कोरडा मुलूख, पाऊस रुसला की रुसला. एका दुष्काळाची गोष्ट तुम्ही स्वतः सांगितली होती. घरात बाजरी संपलेली, रेशनवर येईल तेव्हा तांदूळ, तेलाची बाटली उताणी. तुमची पोरं लहान. तेव्हा तुम्ही तुमच्या वाटची भाकरी त्यांना घातली. त्यात काय चूक? कुठलीही आई तेच करील. पुढच्या एका दुष्काळात मीही होते. जनावरांसाठी छावणी उघडली होती, चारा तोलून मिळायचा. माणसं बैलांना घेऊन तिथंच मुक्कामाला राहिली. बायांसाठी कुठं छावणी होती? बैलाची बरगडी दिसली की गाव हळहळायचं. तुमच्या बरगड्या कुणी बघितल्या नाहीत, त्या पदराखाली होत्या.

पण तो दुष्काळ गेला, आत्याबाई! पाऊस आला, बाजरी आली, कापसाला मजूर मिळेना असं झालं. हंगामात आपण दोघी रोज वेचणीला जात होतो, पैसा येत होता. श्रीमंती नव्हती. उन्हाळ्यात काम संपलं की डबे अजूनही खडखडतात, ते काही खोटं नाही. पण चांगल्या दिवसांतही तुमचं टोपलं तसंच वाटलं जायचं. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, आज पीठ भरपूर आहे, तुम्ही आधी बसा. तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी काही वंगाळ बोलले. म्हणालात, “खानाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी टिकत न्हाई.”

आपल्या वस्तीवर तर रक्त कमी असणं हा बायांना आजार वाटतच नाही, स्वभाव वाटतो. वेचणीत कुणी चक्कर येऊन पडली की कांदा फोडून नाकाला लावायचा, नजर काढायची आणि उठून परत सरीला लागायचं. बाहेरचं काही तरी झालंय म्हणायचं. बाहेरचं कुठलं? पोटात सकाळपासून काळा चहा आणि मशेरी, एवढंच आतलं. पण ते कबूल करायचं म्हणजे घरात खायला नाही हे चार लोकांत सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुम्ही ती मूठ मरेपर्यंत उघडली नाहीत.

सोनाली पोटात होती तेव्हाचं मी विसरलेले नाही. अंगणवाडीतून पोटुशीसाठी पाकीट यायचं. तुम्ही त्यातलं पीठ कालवून शेळीला घालायचात, म्हणजे दूध वाढेल आणि चहाला होईल. मला भाकरी दिलीत ती अर्धी. म्हणायचात, “पोट भरून खाल्लं की पोर पोटात माजतं, मग बाळंतपनाला अडतं. मी बी असंच केलं.” मी भुकेनं रात्रभर कूस बदलायची. लोखंडाच्या गोळ्या तुम्ही माळ्यावर ठेवल्यात, त्यानं पोर काळं होतं म्हणून. सोनाली झाली ती एवढीशी, मांजराच्या पिलागत. रडायलासुद्धा अंगात जोर नव्हता तिच्या. तुम्ही खुश! सुखरूप सुटली म्हणालात. पहिलं वर्ष ती जगते का मरते असं गेलं. तुम्हीच तिला मांडीवर घेऊन, वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजून जगवलीत. ते मी नाकारत नाही. पण आग तुम्हीच लावायची आणि पाणीही तुम्हीच आणायचं, याला काय म्हणायचं?

मग तुमचे पाय सुजायला लागले. उंबरा ओलांडताना दम लागायचा. वाऱ्यानं झालंय, असं तुम्ही ठरवून टाकलंत. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तुमची पापणी खाली ओढून बघितली, तपासणीचा कागद बघितला आणि आम्हालाच विचारलं, एवढ्याशा रक्तावर या चालत कशा होत्या? तुमच्या लेकानं काय उत्तर दिलं सांगू? “साहेब, आई लई काटक हाय.”

दवाखान्यात पेशंटला जेवण मिळायचं. दूध, उकडलेलं अंडं, भात. मला बरं वाटलं. म्हटलं, इथं तरी वाटणी करायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही अंडं सोलून पदराच्या टोकात बांधून ठेवलेलं. लेक आला की गाठ सोडून त्याच्या हातात दिलंत. आणि त्यानं ते खाल्लं! तुमच्या खाटेवर बसून, तुमच्या पाठीवरून हात फिरवत खाल्लं. मी त्या दिवशी दोघांवरही ओरडले, वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, “मी जेवले की गं.” माझ्याशी बोललेलं तेच शेवटचं. मरताना माणसं देवाचं नाव घेतात, तुम्ही खोटं बोललात.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी वर्षभर गप्प बसले तशी पुढंही बसले असते. तुमचं तुमच्याबरोबर गेलं म्हटलं असतं. पण ते गेलं नाही.

सोनालीला सातवा लागला तशी मी तिला बाळंतपणाला घरी आणली. पोरगी एस.टी.तून उतरली तेव्हाच मी ओळखलं. गाल बसलेले, ओठ पांढरेफटक, पोट तेवढं पुढं. दुसऱ्याच दिवशी उपकेंद्रात नेलं. सिस्टरनं बोटातून रक्त काढून तपासलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, रक्त सातच आहे, असंच राहिलं तर बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे, हिला खायला घाला, गोळ्या समोर बसून द्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं मलाही कळतं.

मी तयारीला लागले. कोंबडीची अंडी विकायची बंद केली. शेंगदाणे आणि गूळ कुटून लाडू वळले. मेथी, शेपू, मटकी, जे मिळेल ते तिच्या ताटात. पण पोरगी अंगाला काही लावून घेईना. ताट समोर ठेवलं की म्हणायची, तू ठेव, मी मागनं बसते. मी कामावरून आले की म्हणायची, जेवले मी. लाडवांचा डबा झपाट्यानं रिकामा होत होता, म्हणून मीही खुळी खुश होते. एक दिवस तिचे वडील सहज म्हणाले, लाडू झकास झालेत, सोनाली रोज शेतात निघताना हातावर ठेवते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदराची गाठ तीच, खाणारं तोंडही तेच!

त्याच दुपारी मी तिचं अंथरूण उन्हात टाकायला उचललं आणि उशीखालून तुमची डबी पडली. भरलेली होती. ताजी भाजलेली, वासावरनं कळलं.

मी ती डबी तिच्यापुढं धरली. माझा आवाज चढलाच होता. पोटात लेकरू आहे आणि तू हे लावतेस? ती घाबरली नाही. ती तुमच्यासारखीच शांत बसली आणि बोलली, ते मी जसंच्या तसं लिहिते.

“आई, सासरी समद्यांचं झाल्यावर बसायचं असतंय. तवर पोट खवळतं. हे लावलं की गप बसतं.”

मी विचारलं, आणि इथं? इथं कोण तुला थांबवतंय?

“आता भूकच लागत न्हाई.” मग म्हणाली, “मला सासरी लावताना आजीनं कानात सांगितलं हुतं. लई खानारी सून कुनाला आवडत न्हाई. कुनी इचारलं तर जेवले म्हनायचं.”

ऐकताय ना, आत्याबाई? नातीला सासरी पाठवताना लोक कानात काय सांगतात? सुखात राहा म्हणतात. फोन करत जा म्हणतात. तुम्ही तिच्या कानात तुमची भूक घातलीत! जिला वाटीनं दूध पाजून जगवलीत, तिलाच! शत्रूनं केलं नसतं ते तुम्ही मायेनं केलंत, आणि मायेनं केलंत म्हणूनच ती तुमचं ऐकते आणि माझं ऐकत नाही.

मी ती डबी उचलली आणि मागं उकिरड्यावर जाऊन पालथी केली. पत्र्यावर दगड घालून चेपली. सोनाली दारात उभी राहून रडायला लागली, आजीची आठवण गेली म्हणून. मी म्हटलं, आठवण कशी गेली? तुझ्या ओठांवर आहे ती, आरशात बघ.

फार कठोर बोलले. पण परत बोलायची वेळ आली तर तेच बोलेन.

संध्याकाळी मी एकच मोठं ताट वाढलं. भाकरी, मटकीची उसळ, अंडी, कांदा. तिला समोर बसवली आणि स्वतः बसले. म्हटलं, आज आपण दोघी आधी. ती बापाला दादा म्हणते. म्हणाली, दादा यायचेत अजून. येऊ देत, म्हटलं. तिनं घास मोडला पण तोंडात घालेना, नजर सारखी दाराकडं. तेवढ्यात तुमचा लेक आलाच. हातपाय धुऊन उंबऱ्यात उभा राहिला, आपलं ताट कुठंय म्हणून बघत. सोनाली लगेच उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि त्यांना म्हटलं, “जरा बसा बाहेर. पोरीचं व्हऊ द्या.”

ते बसले. आभाळही कोसळलं नाही. बाहेर बसून शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि त्या दिवशी सोनालीनं अख्खी भाकरी खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण खाल्ली. इतकं सोपं होतं का हे? तुम्ही एकदा तरी त्यांना ‘बाहेर बस’ म्हणून बघायचं होतं!

त्या दिवसापासून रोज तसंच चाललंय. गोळ्या मी समोर बसून देते. मशेरीवाचून तिचं डोकं दुखतं, चिडचिड करते, एक-दोनदा माझ्याशी बोलणंही टाकलं. टाकू दे. परवा सिस्टर म्हणाल्या, रक्त थोडं चढलंय, पण अजून भरवसा नाही. दिवस जवळ येतायत, मी रोज बोटांवर मोजते.

आता तुमच्या पानाचं. तुम्हाला काय आवडायचं, हे या घरात एका माणसाला माहीत आहे. मला.

आपल्या गावची जत्रा होती. तुम्ही गोडीशेव घेऊन येते म्हणून गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. मी शोधत गेले तर पाळण्याच्या मागं, एका टेम्पोच्या आडोशाला तुम्ही उभ्या. हातात कागदाची पुडी. गुळातली शेव मुठीनं तोंडात घालत होतात, डोळे मिटून, लहान पोरीसारखी. गूळ हनुवटीला लागला होता. इतक्या सुखात मी तुम्हाला ना त्याआधी पाहिलं, ना त्यानंतर. मग माझी चाहूल लागली आणि तुम्ही झटकन पुडी कमरेला खोचलीत. “पोरांना घेतलीया,” म्हणालात. तेव्हा मला हसू आलं होतं. आज ते आठवलं की जाऊन तुमचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटतं. काय बिघडलं असतं, माझ्यासमोर खाल्ली असतीत तर?

भाकऱ्या झाल्यावर सकाळीच तुमच्या लेकाला मी सांगितलं, बाजारातून गोडीशेव आणा. ते म्हणाले, कुणाला? मी म्हटलं, तुमच्या आईला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टॉवेलनं तोंड पुसत बाहेर गेले. रडले असतील. रडू देत, त्यांच्या वाटणीचं आहे ते.

तर परवाचं माझं वचन ऐका. पुरणपोळी, आमटी, भात, तूप, सगळं होईल. पण नैवेद्य निघायच्या आधी सोनाली जेवेल. पोटभर, माझ्यासमोर, चुलीपुढं बसून. श्राद्धाचा सैपाक उष्टा केला म्हणून जनाबाई तोंडावर हात ठेवतील, तुमची लेक माहेर बुडालं म्हणेल. म्हणू देत. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, मग पितर काय विठोबापेक्षा मोठे? हिचं बाळंतपण होईपर्यंत आणि त्यानंतरही, या घरात कुणी बाई शेवटी जेवणार नाही. टोपलं आता माझ्या हातात आहे.

पानाजवळ डबी नसेल. कावळा आला तर आला. नाही आला तर बसू दे त्याला बाभळीवर, मी त्याला काही कबूल करणार नाही.

सोनालीचं झालं की तुमचं पान मांडीन. शेवटी बसायची तुम्हाला सवय आहेच. पण या वेळी पान भरलेलं असेल, कडेला पुडीभर गोडीशेव असेल, आणि ‘मी जेवले’ म्हणायला तुमच्यापाशी तोंड नसेल. गुपचूप खाऊन घ्या.

तुमची सून,
सुमन